आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण : दीर्घिका पाहण्यासाठी कोल्हापूरकराने घ्यावी का?

गेली दोन वर्षे मी आठ इंच व्यासाच्या आरशाची, डॉब्सोनियन बैठकीवरची परावर्ती दुर्बीण वापरत आहे. चंद्रावरची विवरे, शनीचे कडे आणि गुरूचे चंद्र या दुर्बिणीतून सुरेख दिसतात, असे सर्वत्र लिहिलेले आढळते आणि ते खरेही आहे. म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. मी ती घेतली दीर्घिकांसाठी, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांसाठी. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असताना आणि निवृत्तीनंतरही, दीर्घिका कशा जन्मतात आणि अब्जावधी वर्षांत त्यांचे रूप कसे पालटत जाते, हा विषय मी जमेल तसा वाचत आलो. त्याची गोडी लागली ती जयंत नारळीकर यांच्या मराठी लेखांमुळे. ते १९ जुलै १९३८ रोजी आपल्या कोल्हापुरातच जन्मले, याचा आम्हांला केवढा अभिमान वाटे. मात्र ज्यांच्याविषयी इतके वाचले त्या दीर्घिका मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. ती उणीव या दुर्बिणीने किती भरून काढली, एवढ्या एका प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

आधी वस्तूविषयी. मुख्य आरशाचा व्यास २०३ मिलिमीटर आणि नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगे, मिळतात, त्यांतून अनुक्रमे ४८ पट आणि १२० पट मोठी प्रतिमा दिसते. विकत घेणारे बहुतेक जण 'किती पट मोठे दिसते' असे विचारतात, परंतु दीर्घिकांच्या बाबतीत हा प्रश्न गौण आहे. महत्त्वाचे असते ते आरशाने गोळा केलेल्या प्रकाशाचे प्रमाण. अंधारात पूर्ण विस्फारलेली तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरची असते, त्या मानाने हा आरसा ८०० पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. नळी जवळजवळ चार फूट लांब असून बैठकीसह एकूण वजन वीस किलोच्या आसपास भरते. लहान मोटारीच्या मागच्या आसनावर नळी आडवी बसते आणि बैठक डिकीत जाते. मला ती पन्नास-साठ हजारांच्या घरात पडली. या मापाच्या दुर्बिणी अनेक कंपन्या विकतात. मी लिहितो आहे ते या रचनेविषयी, कोणत्याही एका छापाविषयी नव्हे.

ही रचना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन डॉब्सन कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठात दोन दशकांहून अधिक काळ संन्यासी म्हणून राहिले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. जहाजाच्या गोल खिडकीची टाकाऊ काच घासून ते आरसे तयार करीत आणि लाकडी पेटीवर नळी ठेवून रस्त्यावरच्या माणसांना आकाश दाखवीत. मठातला वेळ दुर्बिणींत जाऊ लागल्यामुळे अखेरीस त्यांना मठ सोडावा लागला. त्यांची बैठक आजही तशीच साधी आहे : यंत्र नाही, मोटर नाही, हाताने ढकलावे आणि सोडून द्यावे. पैसा यंत्रावर खर्च न होता आरशावर होतो, म्हणूनच एवढ्या किमतीत एवढा मोठा आरसा मिळतो.

आता मुख्य मुद्दा. शहरातल्या गच्चीवरून दीर्घिका पाहण्यासाठी ही दुर्बीण घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिकेचा गाभा तेवढा पुसट दिसतो आणि बाकीच्या दीर्घिका जवळजवळ दिसतच नाहीत. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यासारखा एका बिंदूत एकवटलेला नसून पसरलेला असतो, त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशात तो विरघळून जातो आणि कितीही मोठा आरसा त्याला परत वेगळा काढू शकत नाही. त्यात आपल्याकडे स्वच्छ आकाशाचे महिने हेच ऊसतोडीचे महिने असतात. पाचट जाळल्याचा आणि गुऱ्हाळांचा धूर संध्याकाळी खाली बसतो आणि क्षितिजापासून बराच वरपर्यंतचा भाग गढूळ करून टाकतो. हीच दुर्बीण पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर नेली की वेगळीच वस्तू हाती आल्यासारखे वाटते. पठारावरून कोल्हापूरचा उजेड आग्नेयेकडे दिसतो, म्हणून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या आकाशासाठी ती जागा उत्तम. दक्षिणेकडच्या दीर्घिकांसाठी मात्र मी राधानगरीच्या पुढे दाजींच्या शेतावर जातो, कारण तेथून शहर ईशान्येला पाठीशी राहते.

पहिली दीर्घिका अर्थातच देवयानी, म्हणजे मेसिए यांच्या यादीतली एम ३१. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळी ती उत्तरेकडे बरीच उंच असते आणि २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तिचा प्रकाश पठारावर नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. दुर्बिणीतून पाहताना येथे अपेक्षा थोडी आवरावी लागते. आकाशात तिची लांबी सुमारे तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवल्याइतकी. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये जेमतेम एक अंश मावतो. त्यामुळे संपूर्ण दीर्घिका कधीच दिसत नाही, दिसतो तो तेजस्वी गाभा, त्याभोवती विरत जाणारा प्रकाश आणि जवळच्या एम ३२ व एम ११० या दोन उपदीर्घिका. माझ्या भाचीने पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा ती म्हणाली, "मामा, ह्यात तर नुसता धूर दिसतोय." ती बरोबर बोलली होती. छायाचित्रांतले निळे-तांबूस रंग या दुर्बिणीत दिसत नाहीत, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत. हे विकणारा सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

परंतु त्या धुराच्या कडा जेथे नाहीशा होतात तेथेच दीर्घिकांच्या जन्माच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात होते. १९२३ साली एडविन हबल यांना याच दीर्घिकेत रूपविकारी (तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणारा, त्यावरून अंतर काढता येणारा) तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर आहे हे सिद्ध झाले. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी हिच्याच निरनिराळ्या भागांचा वेग मोजला. सूर्यापासून दूरचे ग्रह जसे संथ फिरतात तसे दीर्घिकेच्या कडेचे वायुमेघ संथ फिरतील अशी अपेक्षा होती, ती फोल ठरली; बाहेरचा भागही जवळजवळ तितक्याच वेगाने फिरत होता. म्हणजे दिसणाऱ्या ताऱ्यांपलीकडे खूप वस्तुमान असले पाहिजे. पुढे १९७८ साली सायमन व्हाइट आणि मार्टिन रीस यांनी मांडलेल्या चित्रानुसार आधी या न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे गोळे गुरुत्वाकर्षणाने जमतात, लहान गोळे एकत्र येऊन मोठे होतात, त्यांच्यात शिरलेला वायू थंड होत होत मध्याकडे उतरतो आणि तेथे तारे जन्मतात. वायूला मुळात थोडे फिरणे असते. आकसताना ते वाढते आणि वायू तबकडीच्या रूपात स्थिरावतो. देवयानीची लांबट आकृती ही आपल्याला तिरकी दिसणारी अशीच एक तबकडी आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या पुसट पट्ट्यात पुष्कळ दिसते. २००१ साली तिच्याभोवती ताऱ्यांचा एक लांबच लांब प्रवाह सापडला, तो तिने गिळलेल्या एका लहान दीर्घिकेचा अवशेष मानला जातो.

देवयानी आणि आकाशगंगा एकमेकींवर आदळणारच, असे आम्ही वर्गात ठामपणे शिकवत असू. ते विधान आता मागे घ्यायला हवे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोघींच्या गतीच्या मोजमापांतली अनिश्चितता आणि शेजारच्या दीर्घिकांची ओढ हिशेबात धरल्यावर, येत्या १० अब्ज वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता साधारण निम्मीच उरली.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सप्तर्षींच्या बाजूला एम ८१ आणि एम ८२ ही जोडी शोधावी. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर असल्यामुळे ही जोडी उत्तर क्षितिजापासून अडतीस अंशांपेक्षा वर कधी येत नाही, त्यामुळे उत्तरेला धूर असेल तर त्या दिवशी हा नाद सोडावा. आकाश स्वच्छ असेल तर या दुर्बिणीत मला सर्वांत जास्त समाधान देणारे दृश्य हेच. सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरच्या दोन दीर्घिका एकाच दृष्टिक्षेत्रात दिसतात : एक लंबगोल आणि सौम्य, दुसरी विडीसारखी लांबट. दहाचा आयपीस लावून नजर किंचित बाजूला ठेवून पाहिले, तर एम ८२ च्या मधोमध आडवा गेलेला काळा खाचा दिसतो. एम ८१ च्या जवळून जाताना बसलेल्या ओढीमुळे एम ८२ मधला वायू मध्यभागी लोटला गेला आणि तेथे ताऱ्यांची निर्मिती इतक्या जोराने सुरू झाली की तिचा वेग आपल्या आकाशगंगेच्या अनेक पट आहे. मोठे तारे लवकर स्फोट पावतात. या स्फोटांनी तापलेला वायू तबकडीच्या वर आणि खाली बाहेर फेकला जातो. संगणकावर दीर्घिका 'घडवणाऱ्या' संशोधकांना बराच काळ एक अडचण छळत होती : त्यांच्या गणितातल्या दीर्घिका फार जास्त तारे निर्माण करीत. ताऱ्यांनीच आपला कच्चा माल उडवून द्यायचा, ही क्रिया गणितात घातल्याशिवाय खऱ्यासारखी दीर्घिका तयार होत नाही. ती क्रिया चालू असलेले, आपल्याला हाताशी असलेले ठळक उदाहरण म्हणजे आयपीसमधली ही विडी.

येथे दुर्बिणीची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आरसा मोठा केल्याने जाणारी नाही. आपल्याला तारे दिसतात, त्यांना जन्म देणारा थंड हायड्रोजन दिसत नाही. तो २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ लहरी सोडतो आणि त्या ऐकण्यासाठी नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. विश्वात तारे सर्वांत जोमाने जन्मत होते तो काळ सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीचा. त्यानंतर हा वेग उतरत उतरत आज साधारण दहाव्या हिश्शावर आला आहे. का उतरला, हा दीर्घिकांच्या अभ्यासातला मोठा प्रश्न होता. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निसीम काणेकर, जयराम चेंगालूर आणि सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून, सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील अणुरूप हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान मोजले. एकट्या दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण की तो गोंगाटात बुडून जातो; हजारोंची बेरीज केली तेव्हा तो वर आला. निष्कर्ष असा की ताऱ्यांच्या निर्मितीचा तेव्हाचा वेग पाहता दीर्घिकांजवळ असलेला वायू एक ते दोन अब्ज वर्षांत संपून गेला असता. बाहेरून तेवढा नवा वायू आला नाही आणि दीर्घिका मंदावल्या. हे वाचल्यापासून एम ८२ पाहताना मला तिच्या उधळेपणाची काळजी वाटते.

एप्रिलमध्ये सप्तर्षींच्या शेपटाखाली शामशबल तारकासमूहात एम ५१ सापडते. सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवरची ही सर्पिल दीर्घिका म्हणजे एका टोकाला लहान सोबतीण चिकटलेला भोवरा. १८४५ साली लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये सहा फूट व्यासाच्या आरशातून तिचे फाटे प्रथम पाहिले, यावरून आपल्या आठ इंचांची योग्यता ओळखून असावे. मला पहिल्या दोन रात्री दोन धूसर ठिपक्यांपलीकडे काही दिसले नाही. तिसऱ्या वेळी, राधानगरीकडे, पाऊण तास अंधारात बसल्यानंतर मोठ्या ठिपक्याभोवती अस्पष्ट वळण जाणवले. ते खरेच दिसले की चित्र पाठ असल्यामुळे भासले, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. १९७२ साली आलार आणि युरी टूम्रे या बंधूंनी त्या काळच्या साध्या संगणकावर दाखवून दिले होते की सोबतीण जवळून गेल्याच्या ओढीने ताऱ्यांची अशी शेपटे आणि दोघींना जोडणारे पूल तयार होतात. त्याआधी ही रूपे नुसत्या गुरुत्वाकर्षणाने होत असतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता.

सर्पिल रूप घडायला किती काळ लागतो, याविषयीची आपली समजूत मात्र आता हलली आहे. २०२५ साली राशी जैन आणि योगेश वाडदेकर या पुण्याच्याच संशोधकांनी जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या प्रतिमांत, सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वीची, दोन सुडौल फाटे असलेली सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला 'अलकनंदा' हे नाव दिले. विश्व अवघ्या दीड अब्ज वर्षांचे असताना इतकी नीटनेटकी तबकडी तयार असेल, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. एम ५१ समोर असताना ही बातमी आठवली की डोळ्यासमोरचा पुसट भोवरा एकदम पुरातन काळापर्यंत लांबत जातो, आणि या दुर्बिणीचा मला झालेला खरा लाभ हाच आहे : वाचलेल्या प्रत्येक शोधाला आता आकाशात एक जागा आहे.

कन्या राशीतल्या दीर्घिकासमूहासाठी कोल्हापूर भाग्यवान आणि दुर्दैवी असे दोन्ही आहे. एम ८७ येथे जवळजवळ डोक्यावर येते, त्यामुळे हवेचा थर सर्वांत पातळ मिळतो. पण डॉब्सोनियन बैठक नेमकी डोक्यावरच अडते, कारण नळी उभी झाल्यावर बाजूला सरकवण्यासाठी अख्खी बैठक गरगर फिरवावी लागते. उपाय एकच, समूह माथ्यावर येण्याच्या दीड तास आधी किंवा नंतर पाहावा. तेव्हा उत्तरा फाल्गुनीकडून नळी हळूहळू पूर्वेकडे सरकवत गेले, की एकामागून एक ठिपके दृष्टिक्षेत्रात येतात, आणि प्रत्येक ठिपका एक दीर्घिका. एम ८७ स्वतः दिसायला अगदी निरस, गोल, कापसाच्या बोंडासारखी. सुमारे ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका अनेक दीर्घिकांच्या विलीनीकरणाने वाढली. तिच्या मध्यातल्या, सूर्याच्या साडेसहा अब्ज पट वस्तुमानाच्या कृष्णविवराची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिली. तिच्याभोवती वायू भरपूर आहे, पण कोट्यवधी अंश तापलेला. कृष्णविवराजवळून निघणारा झोत त्याला थंड होऊ देत नाही आणि म्हणून तेथे नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत. झोत या दुर्बिणीत दिसत नाही. मी चार रात्री प्रयत्न केला.

शेवटी एक दीर्घिका अशी की जिच्यासाठी युरोपातल्या निरीक्षकाने आपला हेवा करावा. नरतुरंग समूहातली एनजीसी ५१२८ (एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंची आणखी एक यादी) दक्षिण क्षितिजापासून तीस अंशांपर्यंत वर येते. गोल प्रकाश आणि त्याला मधोमध कापणारा धुळीचा काळा पट्टा राधानगरीकडून मला स्वच्छ दिसला. ही लंबवर्तुळाकार दीर्घिका दुसरी वायुसमृद्ध दीर्घिका गिळून बसली आहे आणि तो पट्टा त्या जेवणाचा उरलेला भाग आहे. एप्रिल-मेमध्ये वळीव झाल्यावर धूळ बसलेली एखादी रात्र मिळाली तरच हे शक्य होते. अशा रात्री वर्षाला दोन-तीन.

तक्रारीही आहेत. दुर्बीण माझ्याकडे आली तेव्हा दोन्ही आरशांची जुळणी बिघडलेली होती आणि विक्रेत्याने दूरध्वनीवर सांगितलेली कृती चुकीची निघाली. एका जाणकार मित्राने अर्ध्या तासात ती करून दिली, आणि शिकून घेतल्यावर आता दर वेळी मोटारीतून उतरवल्यावर मला पाच मिनिटे लागतात. सोबतचा दहाचा आयपीस सुमार आहे, कडेचे तारे त्यात ओघळतात. फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, सरळ असल्यामुळे माथ्यावरचे काही शोधताना मान मोडते. काटकोनी फाइंडर पुढेमागे घ्यावाच लागतो. आपल्या पावसाळ्याचा विचारही रचनेत नाही. जूनपासून चार महिने दुर्बीण बंद राहते आणि दमट हवेत आरशावर बुरशी धरण्याची भीती असते, म्हणून मी नळीची दोन्ही तोंडे झाकून आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो आणि दर पंधरवड्याला त्या तव्यावर तापवून पुन्हा कोरड्या करतो. आरसा पुसण्याचा मोह टाळावा. थोड्या धुळीने प्रतिमेला काही होत नाही, पण फडक्याने पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

ज्यांच्याकडे मोटार नाही, किंवा पावसाळा सोडून उरलेल्या बहुतेक अमावास्यांच्या आसपास शहराबाहेर जाण्याची तयारी नाही, त्यांनी दीर्घिकांसाठी हा खर्च करू नये. दहा बाय पन्नासची चांगली द्विनेत्री त्यांना देवयानी अधिक पूर्ण दाखवील. इतरांनी दुर्बिणीसोबत ३० मिलिमीटरच्या आसपासचा रुंद क्षेत्राचा एक आयपीस, लाल प्रकाशाची विजेरी आणि उंची कमी-जास्त होणारे स्टूल पहिल्याच दिवशी घ्यावे. स्टूल ही चैन नव्हे. उभे राहून पाहणारा माणूस दोन मिनिटांत थकतो आणि एम ५१ चे वळण दिसायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो.